म्हणे गणपतीला आला नाही!

सकाळी सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने टाकलं, आपला आमदार यंदा गणपतीला पाया पडायला पण आला नाही, असला आमदार काय कामाचा. त्यावर अंगठेच अंगठे. मी एवढंच विचारलं की बाबांनो, गेल्या अधिवेशनात त्याने आपल्या भागाबद्दल काय विचारलं, बघितलंय कुणी? सगळे गप्प. मग एक जण म्हणतो, "काका, ते बघून काय मिळणार?"

सांगतो काय मिळतं.

खूप वर्षांपूर्वी बाबा नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत होते. सेकंड शिफ्ट सुटली की अंधारात तो रोड क्रॉस करायचा, एक दिवा धड नाही. रोज सोबत डबा खाणारा त्यांचा मित्र तिथेच ट्रकखाली गेला. बाबांनी तेव्हाच्या आमदाराला पोस्टकार्ड टाकलं, ओळख ना पाळख. काही महिन्यांनी घरी पाकीट आलं, आत विधानसभेतल्या तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं अशा प्रश्नाचा, छापील कागद. दिवे नसल्याने अपघात होत आहेत, हे खरे आहे काय? उत्तर : हे अंशतः खरे आहे. बाबा तो कागद घेऊन बिल्डिंगभर फिरले, "बघा, सरकारने लिहून दिलंय!"

तो आमदार आमच्याकडे ना लग्नाला आला ना मयताला. पण प्रश्न लागला की मंत्रालयापासून खालपर्यंत फाईल हलते, साहेबांना माहिती द्यावीच लागते, आणि सभागृहात खोटं सांगितलं तर हक्कभंग, म्हणजे सभागृहाचा अवमान केल्याचा ठपका, येऊ शकतो. हे काम तुमच्याआमच्या वतीने करायलाच आपण त्याला निवडून देतो, आणि आपण त्याला कशावर मोजतो तर वाढदिवसाचे बॅनर, दहीहंडी आणि हळदीकुंकवाच्या वाणावर! चीड येते अक्षरशः.

नवी मुंबई विमानतळाला शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून २०२१ ला आपण सिडकोवर, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीवर, मोर्चा घेऊन गेलो, जायलाच हवं होतं. जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचं १९८४ चं जासईचं आंदोलन, त्यातले पाच हुतात्मे, साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली ती, सगळं तोंडपाठ. पण ते पाच वेळा आमदार होते, दोनदा खासदार होते, विधानसभेत विरोधी पक्षनेते होते, तिथे काय बोलले ते कुणी वाचलंय आपल्यात?

नुसता प्रश्नांचा आकडा म्हणजे काम नाही, मान्य. मंत्री झालेला माणूस प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो, तेही मान्य. आणि मधली काही वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, मग गटार तुंबलं की लोक आमदाराकडेच जाणार ना, ठीक आहे. पण वर्षातून एकदा तरी विचारा की त्याला, साहेब यंदा आमच्यासाठी काय विचारलंत.

दिवे लागायला पुढे दीड वर्ष गेलं. लागले त्या रात्री बाबा शिफ्ट नसताना मुद्दाम बघायला गेले होते, मला सायकलवर पुढे बसवून. बराच वेळ काही बोललेच नाहीत.

ग्रुपवर उगाच जोरात बोललो, त्या पोराला फोन करतो नंतर. तो कागद आत्ता कपाटातून काढलाय, घडीवर फाटत आलाय. 'अंशतः' खाली बाबांनी पेन्सिलने मारलेली रेघ अजून दिसते.