‘सिस्टर नुसत्या मॉनिटर बघतात’ म्हणे!

सोलापुरात आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘आयसीयूत पॅलिएटिव्ह म्हणाले की पेशंट सोडून दिला समजा. मॉर्फिन टोचून लवकर संपवतात. सिस्टर नुसत्या मॉनिटर बघतात.’ मी आयसीयूतलीच सिस्टर. नाईट करून आले आणि हे वाचलं.

‘सोडून दिला’? पॅलिएटिव्ह म्हणजे दुखणं, धाप, तहान, भीती यांवरचे उपचार. व्हेंटिलेटर, अँटिबायोटिक चालू असतानाही ते होतात. यंत्रं काढण्याचा निर्णय वेगळा. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल आहे, 2023 मध्ये त्याची पद्धत थोडी सोपी केली. तरी डॉक्टरांची दोन मंडळं आणि घरच्यांची संमती लागतेच. एकट्या डॉक्टरच्या मनावर काही नसतं.

मॉर्फिनचं म्हणाल तर दुखणं बघत मात्रा थोडीथोडी वाढवतात. जास्त झालीच तर साधारणपणे आधी गुंगी चढते, मग श्वास मंदावतो. म्हणून तर आम्ही श्वास मोजत बसतो. नालोक्सोन हा उताराही आहे. (मॉर्फिन मिळवणं हीच मोठी कटकट होती, कायदा जरा सैल झाला तो 2014 मध्ये.)

आता मॉनिटर. दुखतंय हे मॉनिटर सांगत नाही. नाडी तापानेही वाढते. नळी घातलेला माणूस बोलू शकत नाही, म्हणून आम्ही कपाळावरची आठी, आवळलेली मूठ, व्हेंटिलेटरशी चाललेली झटापट बघून दुखण्याला गुण देतो. कूस बदलताना कळवळला तर पुढच्या वेळी आधी औषध, मग कूस.

पूर्व भागातले एक आजोबा होते, जन्म मागावर गेलेला. गळ्याला नळी. सारखे हात झटकायचे, म्हणून हात बांधलेले. आम्ही तीन ड्युट्या ‘पेशंट अस्वस्थ’ एवढंच लिहीत राहिलो, मीसुद्धा. झाडायला आलेल्या तेलुगू मावशी ओठांकडे बघून म्हणाल्या, ‘सिस्टर, नीळ्ळु म्हणतायत. पाणी.’ पाणी गिळायला देता येत नव्हतं. ओल्या गॉजने जीभ, हिरड्या पुसल्या, ओठांना व्हॅसलिन लावलं. दर दोन तासांनी तेच. हात सोडले. झोपेचं औषध वाढवायचं ठरलं होतं, ते लागलं नाही.

मेसेज लिहिणाऱ्याची एक तक्रार मात्र मी खोडणार नाही. खाली त्याने लिहिलंय, ‘बाहेर बाकड्यावर बसलेल्यांना कुणी काही सांगत नाही.’ राउंडला डॉक्टर दोन वाक्यं बोलतात, त्यांचा अर्थ घरचे आम्हाला विचारतात. रात्री तीन पेशंट वाट्याला आले की मीही ‘सकाळी सर सांगतील’ म्हणून दार लोटते.