ब्रेकर आहे ना, मग ओव्हरव्होल्टेजची भीती कशाला?

छोट्या विमानांच्या मालकांमध्ये आणि स्वतः विमान बांधणाऱ्यांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: "अल्टरनेटरला ६० अँपिअरचा ब्रेकर आहे. जास्तीचा करंट बॅटरी पिऊन टाकते. नवी उपकरणे ३२ व्होल्टपर्यंत सहन करतात. रेग्युलेटर सहसा बिघडत नाही, आणि बिघडलाच तर पायलट व्होल्टमीटर बघून अल्टरनेटर बंद करेल. वेगळे ओव्हरव्होल्टेज संरक्षण म्हणजे विनाकारण ट्रिप होणारी कटकट." यातले प्रत्येक वाक्य ऐकताक्षणी पटते. म्हणूनच ते एकेक करून तपासायला हवे. अल्टरनेटर म्हणजे इंजिनावर फिरणारे वीज बनवणारे यंत्र, रेग्युलेटर त्याचे व्होल्टेज ठरावीक पातळीवर ठेवतो, आणि ते प्रमाणाबाहेर वाढले की ते ओव्हरव्होल्टेज.

आधी ब्रेकर. ब्रेकरला करंट कळतो, व्होल्टेज कळत नाही. अल्टरनेटरच्या स्टेटरची, म्हणजे स्थिर गुंडाळ्यांची, रचनाच अशी असते की त्याचा करंट आपोआप एका मर्यादेत राहतो. ६० अँपिअरचा अल्टरनेटर पूर्ण फील्डवर (फील्ड म्हणजे चुंबकत्व देणारी गुंडाळी) पळाला तरी साठच्या आसपासच करंट देतो, त्यामुळे त्याचा ब्रेकर शांत बसून राहतो. तो ब्रेकर मुळात उलट्या दिशेसाठी आहे: अल्टरनेटरमधले, करंट एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड शॉर्ट झाले आणि बॅटरीचा करंट मागे धावला, तर वायर जळू नये म्हणून. व्होल्टेजला मात्र अशी आतली मर्यादा नाही. रेग्युलेटरचा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की फील्डला बसचे (सर्व उपकरणांना वीज वाटणाऱ्या पट्टीचे) पूर्ण व्होल्टेज मिळते. त्याने अल्टरनेटरचे व्होल्टेज वाढते, आणि वाढलेले व्होल्टेज पुन्हा फील्डलाच मिळते. हे चक्र स्वतःला रेटत राहते. १४ व्होल्टच्या यंत्रणेत बॅटरी जोडलेली नसेल तर हा आकडा शंभरच्या पुढे जाऊ शकतो.

"बॅटरी पिऊन टाकते" यात अर्धे सत्य आहे. समजा विमानाचा लोड २५ अँपिअर आहे, तर उरलेले ३५ बॅटरीत घुसतात. चांगली लेड-अ‍ॅसिड बॅटरी व्होल्टेजला थोडा वेळ धरून ठेवते. हा थोडा वेळ फार मोलाचा आहे, कारण ओव्हरव्होल्टेज संरक्षणाचे मंडल (सर्किट) याच अवधीत काम करते. पण मंडलच नसेल तर पुढे बॅटरी तापते, आतल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात, अ‍ॅसिड बाहेर फेसाळते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची गोष्ट आणखी वेगळी आहे. व्होल्टेज वाढले की तिच्यातले इलेक्ट्रॉनिक्स सेल वाचवण्यासाठी बॅटरीलाच बसपासून तोडू शकते. म्हणजे जिच्या भरवशावर बसलो ती ऐन वेळी हात काढून घेते. चालू अल्टरनेटरवरून बॅटरी अशी अचानक सुटली की काय होते, याचा आकडा मोटारींच्या आयएसओ १६७५०-२ या मानकात आहे. १२ व्होल्टच्या यंत्रणेसाठी या 'लोड डम्प'च्या चाचणीत ७९ ते १०१ व्होल्टचा झटका ४० ते ४०० मिलिसेकंद द्यायचा असतो. तिथे रेग्युलेटर धडधाकट असतो, म्हणून फील्ड उतरते आणि झटका संपतो. इथे रेग्युलेटरच शॉर्ट झालेला आहे, त्यामुळे झटका संपत नाही.

३२ व्होल्ट सहन करणारी उपकरणे? वरचे आकडे पाहिल्यावर त्याला फारसे उत्तर लागत नाही. शिवाय विमानात फक्त तीच उपकरणे नसतात. साध्या फिलामेंटच्या दिव्याचे आयुष्य व्होल्टेजच्या साधारण बाराव्या घाताने घटते. व्होल्टेज दहा टक्के वाढले की आयुष्य तिसऱ्या हिश्श्यावर येते.

आता पायलट. ढगातून उतरताना, रेडिओवर बोलताना व्होल्टमीटरच्या काट्यावर कोणाची नजर असते? आणि नजर गेली तरी स्विच उपयोगी पडेलच असे नाही. मोटारीचा, आत रेग्युलेटर असलेला अल्टरनेटर बसवला असेल, तर अनेक रचनांमध्ये फील्डला करंट आतूनच मिळतो. आतला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाल्यावर पॅनेलवरचा स्विच दाबा किंवा नका दाबू, अल्टरनेटर ऐकत नाही. तिथे आउटपुटच्या जाड वायरवर काँटॅक्टर, म्हणजे विजेने चालणारा मोठा स्विच, लागतो.

बाहेर रेग्युलेटर असेल तर उपाय अगदी साधा आहे: फील्ड तोडा. हे काम करणाऱ्या मंडलाला क्रोबार, म्हणजे पहार, म्हणतात. या मंडलात एक थायरिस्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, असतो. १४ व्होल्टच्या यंत्रणेत व्होल्टेज सोळा-साडेसोळाच्या वर गेले की तो फील्डच्या पुरवठ्यावर मुद्दाम शॉर्ट टाकतो, पाच अँपिअरचा फील्ड ब्रेकर उडतो आणि अल्टरनेटर मुका होतो. माणसाचा हात स्विचपर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधी हे घडलेले असते. बॅटरी शाबूत राहते आणि उतरेपर्यंत आवश्यक उपकरणे तिच्यावर चालतात.

"रेग्युलेटर सहसा बिघडत नाही" हे मला मान्य आहे. पण ज्याच्यावर पहारा ठेवायचा त्याच्याच हाती पहारा देता येत नाही, म्हणून हे मंडल रेग्युलेटरपासून स्वतंत्र असावे लागते. अमेरिकेच्या एफएए (विमान वाहतूक प्रशासन) नियमांच्या, छोट्या विमानांसाठीच्या भाग २३ मधील १३५१ या कलमात, २०१७ च्या फेररचनेआधी, ओव्हरव्होल्टेजमुळे यंत्रणेचे आणि उपकरणांचे नुकसान टाळणारे नियंत्रण प्रत्येक अल्टरनेटरला सक्तीचे होते.

राहिली ती ट्रिप होण्याची तक्रार, आणि मला सर्वांत जास्त काळजी याच मुद्द्याची वाटते, कारण कंटाळून लोक ओव्हरव्होल्टेज ओळखणारा सेन्सरच बायपास करतात. पुष्कळदा सेन्सर खरेच बोलत असतो. बऱ्याच जुन्या विमानांत फील्डचा करंट आणि रेग्युलेटरला कळणारे व्होल्टेज एकाच वायरने, जुन्या मास्टर स्विचमधून आणि ब्रेकरमधून जाते. त्या वाटेत काळ्या पडलेल्या काँटॅक्टमुळे अर्धा ओहम रोध आला आणि फील्ड ३ अँपिअर घेत असेल, तर वाटेतच दीड व्होल्ट पडतो. रेग्युलेटरला स्वतःच्या टर्मिनलवर १४.२ दिसतात, तेव्हा बसवर १५.७ असतात, म्हणजे ट्रिपच्या सोळाच्या अगदी उंबरठ्यावर. त्यात अ‍ॅमीटरचा काटा थरथरत असेल तर संशय पक्का समजा.

सेन्सरला हात लावण्याआधी हे मोजा. इंजिन बंद ठेवून मास्टर आणि अल्टरनेटर दोन्ही स्विच चालू करा. मल्टिमीटरचा एक प्रोब बसवर आणि दुसरा रेग्युलेटरच्या पुरवठ्याच्या टर्मिनलवर धरा. दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर प्रोब वाटेतल्या एकेका सांध्यावर पुढे सरकवत न्या. जिथे आकडा उडी मारतो तो स्विच, ब्रेकर किंवा टर्मिनल बदला.