अंगलक्षणं, अंधारी आणि महाधमनी : विट्याच्या मामांना उत्तर

मामा (तुम्ही ‘एक मामा, विटा’ एवढीच सही केलीत, म्हणून मीही मामाच म्हणतो), तुमची प्रतिक्रिया झणझणीत आहे आणि ती जशीच्या तशी ठेवली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. महाधमनीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या शरीरातल्या मुख्य रक्तवाहिनीला, येणाऱ्या फुग्यावरचा (ॲन्युरिझमवरचा) आणि लांब बोटांसारख्या खुणांशी असलेल्या त्याच्या संबंधावरचा माझा लेख तुमच्या बहिणीने वाचला. भाचा सहा फूट दोन इंच, काटकुळा, लांब बोटांचा. पोलीस भरतीची तयारी करतो, आणि सकाळी उठताना कधीकधी त्याला अंधारी येते. बहीण घाबरली, सांगलीला आणून टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, नॉर्मल आला. ‘पैसे गेले, झोप गेली, हे डॉक्टरी कोटातलं हस्तसामुद्रिक आहे,’ असं तुमचं म्हणणं. वर पुरावा असा, की पोटातला फुगा फुटून गेलेले तुमचे सासरे बुटके आणि गोलमटोल होते.

सासऱ्यांकडे शेवटी येतो.

हातावरच्या रेषेचा आणि नशिबाचा संबंध कुणी दाखवलेला नाही. लांब बोटांचा आणि महाधमनीचा संबंध मात्र १९९१ पासून जनुकापर्यंत माहीत आहे. १५व्या गुणसूत्रावरचं एफबीएन-१ हे जनुक फायब्रिलिन नावाचं प्रथिन बनवतं. महाधमनीच्या भिंतीला ताण सोसायचं बळ त्यातून मिळतं, डोळ्यातलं भिंग जागेवर धरणारे धागे त्याचेच, आणि हाडांच्या वाढीला आवर घालण्यातही त्याचा हात असतो. ते बिघडलं की बोटं लांबतात, भिंग सरकतं आणि हृदयातून निघतानाच महाधमनी रुंदावत जाते. हाच मार्फान सिंड्रोम, साधारण पाच हजारांत एक.

पण नुसत्या उंचीला तिथे शून्य किंमत आहे. मार्फान ओळखण्याच्या २०१० च्या निकषांत शरीराच्या खुणांना गुण आहेत आणि ७ झाले तर त्या खुणा धरतात. भाच्याची उंची १८८ सेंमी. दोन्ही हात पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत माप १९७ च्या वर गेलं, शिवाय कमरेखालचा भाग वरच्या भागाच्या मानाने बराच लांब निघाला, तर दोन्ही मिळून १ गुण. एकच! विटा-तासगावची बहुतेक उंच पोरं टेपवरच सुटतात. (भरतीच्या मैदानावर छाती ७९ आणि फुगवून ८४ मोजायला टेप असतेच, हात पसरून मोजायला किती वेळ लागणार?) जास्त वजन दुसऱ्या खुणांना आहे. अंगठा मुठीत दाबला की त्याचं अख्खं पेर करंगळीच्या बाहेर येणं, आणि एका हाताच्या अंगठा-करंगळीने दुसरं मनगट वेढलं की नखं एकमेकांवर चढणं, या दोन्ही असतील तर ३. छातीचं हाड कबुतरासारखं पुढे आलेलं असेल तर २. आणि रक्ताच्या नात्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर तो प्रश्न या सगळ्याच्या आधी विचारायचा.

फ्लो हायमन ही अमेरिकेची नावाजलेली व्हॉलीबॉलपटू. १९८६ मध्ये जपानमध्ये सामना चालू असताना, बदली होऊन बाकावर बसल्यावर कोसळली आणि गेली. वय ३१. तिला मार्फान होता हे शवविच्छेदनात कळलं, तोवर तिच्या उंचीचं फक्त कौतुकच झालं होतं. त्यानंतर तिच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही तोच आजार निघाला आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली. म्हणून नॉर्मल इकोचे पैसे ‘गेले’ हे मला पटत नाही. फाइल मात्र जपून ठेवा. पुढे कधी इको झालाच, तर महाधमनीच्या मुळाचं आजचं माप तुलनेला लागेल.

आता अंधारी. बहिणीची गफलत इथे झाली, आणि ती अनेकांची होते. अंधारी हे फुग्याचं लक्षण म्हणून मी लिहिलेलं नाही. फुगा बहुधा गप्पच असतो. मी लिहिलं ते स्वायत्त चेतासंस्थेबद्दल, म्हणजे आपल्याला न विचारता नाडी आणि बीपी सांभाळणाऱ्या यंत्रणेबद्दल. महाधमनीच्या कमानीत आणि मानेतल्या धमन्यांत ताण ओळखणारी चेतातंतूंची टोकं असतात. ठोक्याबरोबर भिंत ताणली जाते, संदेश मेंदूच्या तळाशी जातो, आणि त्याप्रमाणे नाडी मंद किंवा जलद होते. भिंत ताठर झाली की ती कमी ताणली जाते आणि संदेश बोथट होतो. फुगा असलेल्या रुग्णांत ही यंत्रणा तपासतात ती यासाठी. त्यातही घोळ आहेच. यातले पुष्कळ जण बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी आणि बीपी उतरवणारी गोळी, घेतात, आणि ती गोळी स्वतःच नाडीचा चढउतार बदलते. वय आणि मधुमेहही बदलतात. त्यामुळे नाडीच्या आलेखावरून फुगा ओळखायचा दावा कुणी केला, तर त्याला हस्तसामुद्रिक जरूर म्हणा, मी तुमच्या बाजूने.

भाच्याचं बीपी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांत मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगा. नाही उतरला, तर उपाशीपोटी धावणं आणि कमी पाणी पिणं हे आधी बघा. धावताना शुद्ध हरपली, किंवा छातीत-पाठीत फाडल्यासारखी कळ आली, तर मात्र वाट बघत बसायचं नाही, थेट रुग्णालय.

राहिले सासरे. ते माझ्या लेखाविरुद्धचा पुरावा नाहीत, तो आजारच वेगळ्या वाटेचा. पोटातल्या फुग्याला लांब बोटं लागत नाहीत. वाढतं वय, पुरुष असणं, धूम्रपान आणि घराण्यात तो असणं, एवढं पुरतं. आइन्स्टाइन १९५५ मध्ये पोटातला फुगा फुटूनच गेले, आणि पाइप त्यांचा नित्याचा. पोटातली महाधमनी ३ सेंमीच्या वर गेली की फुगा म्हणतात, पुरुषांत साधारण ५.५ ला शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि तो सापडायला साधी सोनोग्राफी पुरते.

तेव्हा मामा, तुमच्या प्रतिक्रियेत ज्यांची तपासणी खरोखर राहिली आहे, ते तुमचे मेहुणे आहेत. त्यांची वयं काय, विडी-सिगारेट कोण ओढतं, आणि वडील गेल्यावर कुणाच्या पोटाची सोनोग्राफी झाली का, एवढं खाली लिहा.