सोलां गच्चीवरून काढली, आता ऐकून घ्या

आज सकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर एक फोटो पडला. गच्चीवर मी सुकत घातलेल्या सोलांचा, म्हणजे कोकमाच्या सालांचा. खाली मजकूर, 'गच्ची सर्वांची आहे, मुंग्या होतात, आजच्या आज काढावे.' नाव घेतलं नाही, पण फोंड्यातल्या या बिल्डिंगीत भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडणारी दुसरी आहेच कोण? बघता बघता खाली अंगठ्यांची रांग.

काढली. भांडले नाही. पण दुपारपासून डोकं तापलंय म्हणून इथं लिहितेय.

मे महिन्यात गोव्यात उन्हात सोलां घालायची नाहीत तर कधी घालायची? भिरंडं फोडा, गर-बिया वेगळ्या काढा, त्यात मीठ घालून पाणी सुटू द्या. सालं दिवसभर उन्हात, संध्याकाळी त्याच रसात बुडवायची, सकाळी परत उन्हात. लाल साल हळूहळू काळं पडतं आणि बोटांचा रंग काही केल्या जात नाही. मधेच ढग आला आणि सालं ओली राहिली तर बुरशी धरते, केलेलं सगळं वाया. ही मेहनत कुणाला 'घाण' दिसते याचा मला खरोखर राग येतो.

2020चा मार्च, ती टाळेबंदी, विसरलात का सगळे? आम्ही तेव्हा सत्तरी तालुक्यात घरी होतो. किराणा दुकानांनासुद्धा कुलूप. चोर्ल्याच्या घाटातून बेळगावची भाजी येते म्हणून आपली चूल पेटते, हे त्या आठवड्यात लोकांना कळलं. खिशात पैसे असून माणसं पिशव्या घेऊन हिंडत होती. आणि आमच्या सासूबाई शांत. "घरांत पेज आसा, भियेतात कित्याक?" (घरात पेज आहे, घाबरता कशाला?) एवढंच म्हणाल्या आणि माळ्यावर चढल्या. उकडे तांदूळ, कुळीथ, हळसांदे (चवळीसारखं कडधान्य), बरणीत मिठातली तोरां (कैऱ्या), मातीत घोळवून ठेवलेली फणसाची बिकणां (आठळ्या). लक्षात घ्या, हे आदल्या मे महिन्याचं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. दहा महिने खाऊनही उरलेलं!

त्यांनी ते नुसतं आम्हालाच नाही घातलं. शेजारच्या खोलीत बांधकामावरचं एक कुटुंब अडकलं होतं, त्यांच्याकडे रोज तांदूळ जायचे. मोजमाप नाही. पदराखाली शेर धरून त्या मागच्या दारानं जायच्या, घेणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून.

त्यांच्या पिढीला हे शिकवावं लागलं नव्हतं. 1955ला गोवा पोर्तुगीजांकडे होता, भारतानं नाकेबंदी केली तेव्हा इथं बटाटा हॉलंडहून बोटीनं यायचा. ज्यांच्या घरी भात आणि कुळीथ होते ते बोटीची वाट बघत बसले नाहीत.

बरं, मुंग्या होतात, मान्य. सुक्या बांगड्यांचा वास फ्लॅटात सोसत नाही, तेही मान्य. नोकरीवरून सातला घरी येणाऱ्या पोरीनं भिरंडं कधी फोडायची? मान्य आहे हो. पण मग जी करतेय तिला तरी करू द्या ना!

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. अंगठा देणाऱ्यांत खालच्या मजल्यावरची ती लेकुरवाळी मुलगीही आहे. तिनं आयुष्यात सोल सुकताना पाहिलं नसेल. तिला कुणी दाखवलं? आम्हीच नाही दाखवलं. जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणून मे महिन्यात सुकी सुंगटां, म्हणजे कोळंबी, भरून ठेवायची, हे तिला कोण सांगणार? मडगावचं पुरुमेंताचं फेस्त (जत्रा) किंवा म्हापशाचा शुक्रवारचा बाजार तिला फोटो काढायची जागा वाटत असेल, तर दोष एकट्या तिचा नाही.

खरा राग दुसरीकडेच आहे. भाताची शेतं बुजवून प्लॉट पडताहेत, कुळागरं (माडा-पोफळीच्या बागा) विकून व्हिला उभे राहताहेत, खाजनांचे, म्हणजे खाडीकाठच्या शेतांचे, बांध फुटले की कुणी हात लावत नाही. खाऱ्या पाण्यातही तगणारा कोरगुट तांदूळ तिथं पिकतो, त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. बांध कोण बांधणार? पुढची टाळेबंदी आली, दरड कोसळून घाट बंद पडला, तर व्हिलाच्या पोहण्याच्या तलावात काय पेरणार? आणि तेव्हा माळ्यावर चढायला सासूबाई नसतील. त्या आता थकल्यात, शिडी चढवत नाही. म्हणून मी हे करते, हौस म्हणून नाही.

असो. कामाचं सांगते. तवशी (काकडी), दोडकी, भेंडे आणि चिबडाच्या बिया राखेत घोळवून ठेवल्यात, सगळ्या गावठी. बाल्कनीतल्या डब्यातही दोडकी चढते, जागा नाही म्हणू नका. मृग लागायच्या आत येऊन घेऊन जा. पैसे नकोत, पण एक फळ वेलावरच पिकू द्यायचं आणि पुढच्या वर्षी मूठभर बी मला परत आणून द्यायचं.