ट्रिप्टोफॅनच्या गोळ्यांबद्दलचा मेसेज चुकीचा आहे

‘ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या घ्या, त्याचं सगळं सेरोटोनिन बनतं, नैराश्याची औषधं बंद करा’ असा मेसेज फिरतोय. तो धोकादायक आहे, म्हणून हा खुलासा.

सेरोटोनिन (मनःस्थितीशी संबंधित एक रसायन) ट्रिप्टोफॅनपासून, म्हणजे अन्नातल्या प्रथिनांमधल्या एका अमिनो आम्लापासून बनतं, एवढं खरं. पण त्यासाठी ट्रिप्टोफॅनचा अगदी थोडा भाग वापरला जातो. शरीरातल्या प्रथिनांत न वापरलेलं बहुतांश, सुमारे ९५ टक्के, ट्रिप्टोफॅन कायन्युरेनिन नावाचा वेगळा पदार्थ बनण्याच्या मार्गाने जातं, हे जैवरसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आहे. त्या मार्गावर दोन पदार्थ तयार होतात आणि मला हा भाग फार विलक्षण वाटतो: क्विनोलिनिक आम्ल मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरला (चेतापेशींवरच्या, संदेश स्वीकारणाऱ्या एका रेणूला) उत्तेजित करतं, तर कायन्युरेनिक आम्ल त्याच रिसेप्टरला अडवतं. ही अडवणूक १९८२ साली प्रयोगातून दिसली. मूळ पदार्थ एक, परिणाम परस्परविरोधी! शिवाय शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं आणि ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही.

औषधं अचानक थांबवली तर आजार उलटू शकतो. सेरोटोनिन वाढवणाऱ्या औषधांसोबत या गोळ्या घेतल्या तर सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो: थरथर, ताप, गोंधळलेपण. तो जिवावरही बेतू शकतो.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा आजच पाठवा. औषधात बदल करायचा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.