बाहेरून गॅस किट बसवलेली जुनी गाडी घ्यावी का? एक खुलासा

नागपुरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘जुन्या गाडीत कंपनीबाहेरचं काहीही बसवलेलं असेल तर आरटीओ गाडी जप्त करते, घेऊच नका.’ हे अर्धवट आहे भाऊ.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा रोख आरसीवरच्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलात फरक पडेल अशा बदलांवर आहे. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम यांनी काही बिघडत नाही. इंजिन बदलायला मात्र आरटीओची परवानगी लागते. मंजूर सीएनजी किटही बसवता येते, पण तशी नोंद आरसीवर हवी.

म्हणून एमएच ३१ असो वा ४९, डिकी उघडा. आत सिलिंडर आणि आरसीवर इंधन नुसतं ‘पेट्रोल’, तर ‘नावावर करताना होऊन जाईल’ म्हणणाऱ्याला आधी नोंद करून आणायला सांगा, मग पैसे. सिलिंडरवरची चाचणीची तारीखही वाचा. ही चाचणी दर ३ वर्षांनी लागते. किट विमा पॉलिसीत दाखवलंय का, तेही बघा. नसेल तर क्लेमच्या वेळी वाद ठरलेलाच.

फटाके फोडणारा सायलेन्सर असेल, तर मूळचा परत बसवून घ्या. मी तरी अशी गाडी घेणारच नाही.