पुन्हा तोच ड्रॉप पास

हॉकीच्या सीझन तिकिटाचं नूतनीकरण करा अशी मेल येऊन नऊ दिवस झाले. दर वर्षी ती आली की त्याच संध्याकाळी पैसे भरून मोकळी होते, नवऱ्याने 'किती?' विचारायच्या आत. यंदा रोज मेल उघडते, बटणापर्यंत बोट नेते आणि फोन पालथा घालून भांडी विसळायला उठते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी हॉकी म्हणतेय ती बर्फावरची. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या एका लहानशा युनिव्हर्सिटीच्या गावात आम्ही बारा वर्षं आहोत. इथे ऑक्टोबर ते मार्च दुसरं काही घडत नाही. शुक्रवार-शनिवार एकाच टीमशी लागोपाठ दोन मॅच, वीस-वीस मिनिटांचे तीन पीरियड, मधल्या वेळात झॅम्बोनी (बर्फ गुळगुळीत करणारी गाडी) बर्फावरून फिरते तेव्हा कॉफी आणि गावगप्पा. कॉलेजचं नाव लिहीत नाही. पोरांना स्वतःचं नाव शोधता येतं, आणि गाव एवढुसं आहे. ओळखणारे ओळखतीलच.

तर परवाचा शुक्रवार. तिसरा पीरियड, आम्ही एका गोलने मागे, आणि त्यांचा एक जण पाय घातल्याबद्दल दोन मिनिटं बाहेर. म्हणजे पॉवर प्ले: आमचे पाच, त्यांचे चार. आमचा डिफेन्समन आपल्या गोलमागून पक, म्हणजे ती रबरी चकती, घेऊन निघतो. वेग चांगला पकडतो. मधल्या लाल रेषेच्या आसपास येतो आणि तिथे पक मागे सोडून देतो, मागून सुसाट येणाऱ्याने उचलावा म्हणून. हा ड्रॉप पास. खेळी वाईट नाही, एनएचएलमध्येही, म्हणजे इथल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्येही, सर्रास चालते. पण समोरचे गोंधळले तरच तिचा उपयोग. आमच्या समोरचे गोंधळत नाहीत. ते चौघे आपल्या भागाच्या तोंडाशी असलेल्या निळ्या रेषेवर रेशनच्या रांगेत उभं राहावं तसे शांत उभे असतात, कारण त्यांनी आमचे व्हिडिओ बघितलेले असतात. पक त्यांच्यापैकी कुणाच्या तरी काठीला लागून थेट आमच्या टोकाला येतो. वीस सेकंद गेली. परत गोलमागे. परत निघाला. परत ड्रॉप पास.

माझ्या शेजारच्या खुर्चीत एक आजोबा बसतात. निवृत्त शाळामास्तर, मांडीवर घोंगडी, पायाशी थर्मास. आम्ही या गावात यायच्या कितीतरी आधीपासून ती खुर्ची त्यांची. पक मागे सुटायच्या अर्धा सेकंद आधी ते "हं" म्हणतात. गेल्या तीन वर्षांत त्यांचं "हं" चुकलेलं मी पाहिलं नाही. जे पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याला वरच्या रांगेतून दिसतं, ते समोरच्या बेंचवरच्या पगारी माणसांना दिसणार नाही? आणि आमच्या बेंचवरच्यांना?

शेवटच्या दोन मिनिटांत गोली (गोलकीपर) काढून सहावा खेळाडू उतरवला, रिकाम्या जाळीत आणखी एक गोल खाल्ला. घरी.

गाडीत रेडिओवर कोचची मुलाखत लागते. तीन वाक्यं ठरलेली. आम्ही फार जवळ आलोय. पोरं अजून तरुण आहेत. प्रोसेसवर विश्वास हवा. मागच्या सीटवरून माझी लेक ती वाक्यं त्यांच्या बरोबरीने म्हणते, शाळेतली प्रतिज्ञा म्हणावी तशी. ती अकरा वर्षांची आहे. या कोचचा हा चौथा सीझन. तिला याआधीचा कोच नीट आठवतही नाही.

'तरुण आहेत' हे मला सगळ्यात जास्त खुपतं. कॉलेज हॉकीत पहिल्या वर्षाचा मुलगा म्हणजे बारावी होऊन आलेला अठराचा पोरगा, असं सहसा नसतं. शाळा संपल्यावर एक-दोन वर्षं ज्युनियर लीग खेळून बरेच जण विसाव्या वर्षी कॉलेजात येतात, शेवटच्या वर्षाला चोविशीचे दाढीवाले बाप्ये असतात. शिवाय कॅनडातल्या मेजर ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्यांना कॉलेजची दारं कायमची बंद होती, कारण एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची संघटना, त्यांना व्यावसायिक धरत असे. तो नियम नोव्हेंबर २०२४ मध्ये बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून दारं उघडली. गॅव्हिन मॅकेनासारखा, ज्याच्यावर सगळ्या एनएचएलची नजर होती असा पोरगा त्या दाराने पेन स्टेटला आला. तयार, मार खाऊन घट्ट झालेली पोरं घ्यायची सोय यंदा प्रत्येकाला होती. ती घ्यायची नाहीत, आणि मग माझी पोरं तरुण आहेत म्हणायचं! नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

आता दुसरी बाजू. ही पोस्ट लिहायचं खरं कारण शुक्रवार नाहीच, शनिवार आहे.

शनिवारी पहिल्या दहा मिनिटांत आम्ही तीन गोल खाल्ले. कॉलेज हॉकीत समोरच्या गोलीने गोल खाल्ला की सगळं स्टँड बोट दाखवून "सीव्ह, सीव्ह" ओरडतं. सीव्ह म्हणजे चाळणी. मला हे पहिल्या दिवसापासून आवडलं, शिवी अशी स्वयंपाकघरातली असावी. पण शनिवारी तिसऱ्या गोलनंतर आमच्या गोलीकडे एक साधा, घरंगळत आलेला पक आला, त्याने तो ग्लव्हखाली दाबला, आणि आमच्याच विद्यार्थ्यांच्या स्टँडमधून टाळ्या, शिट्ट्या, जल्लोष. खोटा. टोमणा मारणारा. त्या पोराने मास्क वर सरकवला, बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं आणि मास्क खाली ओढला. वर एकदाही बघितलं नाही. सोमवारी सकाळी आठ वाजता तो माझ्या नवऱ्याच्या लॅबमध्ये बसतो. वेळेवर येतो, म्हणे. रिपोर्टही वेळेवर देतो.

त्या रात्री चाहत्यांच्या ग्रुपवर लोकांनी त्याच्याबद्दल जे लिहिलं ते मी इथे लिहिणार नाही. एकाने त्याच्या आईला टॅग केलं होतं. अरे, लाज? त्याच्यासमोर दोन-दोन जण मोकळे येतात, कारण आमचे डिफेन्समन पुढेच अडकलेले असतात, कारण त्यांना तसंच शिकवलंय. कोचचा पगार बघा आणि त्या पोराचं वय बघा, मग ठरवा कुणावर ओरडायचं ते.

आणि तरीही मी 'कोच हटाव'वाली नाही. त्याला कारण खडकी.

मी खडकीची. आमच्याकडे हॉकी म्हणजे लाल मातीची, आणि हॉकी म्हणजे धनराज. धनराज पिल्ले आमच्या गल्लीतला नव्हे, पण खडकीचा, आणि बाबांच्या बोलण्यात तो घरातलाच असायचा. १९९८ ला बँकॉकच्या एशियाडमध्ये त्याच्या कॅप्टनशिपखाली भारताला ३२ वर्षांनी सोनं मिळालं. पुढे काय झालं? धनराजसकट बऱ्याच सीनियर खेळाडूंना आणि कोच महाराज कृष्ण कौशिक यांना घरी बसवलं. जिंकल्यावर! बाबा दोन दिवस धड जेवले नव्हते. नंतरही तेच. २०१४ ते २०१९ एवढ्या काळात वॉल्श, व्हॅन ऍस, ओल्टमन्स, मरीन, हरेंद्र सिंग, एवढे कोच भारतीय पुरुष संघाला झाले. खेळाडूंनी नावं तरी कशी पाठ केली असतील. मग ग्रॅहम रीड आले, त्यांना दोन वर्षांहून जास्त वेळ मिळाला, आणि टोकियोत ४१ वर्षांनी ऑलिम्पिकचं ब्राँझ आलं. तेव्हा संगीत खुर्चीने टीम सुधारते हे मला कुणी सांगू नये.

इथलीही उदाहरणं आहेत, आणि आमच्या ग्रुपवरची संयमवाली मंडळी ती रोज तोंडावर फेकतात. मिशिगन युनिव्हर्सिटीचे कोच रेड बेरेन्सन १९८४ ला आले. पहिली तीन वर्षं जिंकण्यापेक्षा हरण्याचाच आकडा मोठा. राष्ट्रीय स्पर्धेत जायला १९९१ उजाडलं. बॉस्टन कॉलेजला जेरी यॉर्क १९९४ ला आले, त्यांचीही पहिली तीन वर्षं तशीच. आणि मग १९९८ ची फायनल: बॉस्टनमध्ये, यॉर्कच्या घरच्या लोकांसमोर, समोर बेरेन्सनचं मिशिगन, ओव्हरटाइमला ३–२. मिशिगन जिंकलं. यॉर्कनी पुढे २००१, २००८, २०१०, २०१२ अशी चार विजेतेपदं बॉस्टन कॉलेजला दिली. दोघांनाही तिसऱ्या वर्षी हाकललं असतं तर ती फायनल झालीच नसती. मान्य. शंभर टक्के मान्य.

पण एक गोष्ट सांगायची राहते. तेव्हा हॉकीतल्या मुलाला कॉलेज बदलायचं तर एक वर्ष न खेळता बसावं लागायचं. म्हणून पोरं थांबायची, आणि कोचला हरता हरता टीम बांधता यायची. २०२१ ला ती अट गेली. आता वसंत आला की ट्रान्सफर पोर्टल उघडतं आणि ज्याला इथे भविष्य दिसत नाही तो बॅग भरतो. गेल्या वर्षी आमचे सगळ्यात जास्त गोल करणारे दोघे असेच गेले. त्यातला एक परवा समोरच्या टीममधून खेळत होता. पॉवर प्लेला तो निळ्या रेषेवर त्या चौघांत उभा होता, आणि आमचा ड्रॉप पास त्यानेच उचलला. आजोबांनी त्या वेळी "हं"सुद्धा म्हटलं नाही, थर्मासचं झाकण फिरवत बसले.

म्हणून 'बेरेन्सनला सात वर्षं लागली' हे मला पुरत नाही. सात वर्षं धीर धरायला मी तयार आहे हो, पण दर वर्षी नव्या पोरांनी तीच खेळी हरायची असेल तर तो धीर कशासाठी? संयम मागायचा असेल तर काय बदललं ते दाखवा. पॉवर प्ले ज्या असिस्टंटकडे आहे त्याच्याकडून काढून एक महिना दुसऱ्याला द्या. दोन वेगळे मार्ग शिकवा, एकदा तरी पक सरळ कोपऱ्यात मारून मागे धावा. हरलात तरी चालेल. मी टाळ्या वाजवीन, आणि खऱ्या वाजवीन. २०२४-२५ च्या सीझनला पेन स्टेटची लीगमधली सुरुवात अशी होती की बघवत नव्हतं, आणि तीच टीम एप्रिलमध्ये पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत होती. तेच कोच, तेच वर्ष. त्याच स्पर्धेत कालामझूच्या वेस्टर्न मिशिगनने बॉस्टन युनिव्हर्सिटीला ६–२ ने हरवून आपलं पहिलं विजेतेपद घेतलं. कालामझू! म्हणजे मोठं नाव, मोठा पैसा लागतोच हे रडगाणंही कुणी गाऊ नये.

नवरा म्हणतो, एवढा त्रास होतो तर नको ना भरू पैसे. सोपं आहे त्याचं. तो मॅचला पुस्तक घेऊन येतो.

पण रिकाम्या खुर्च्यांची मला भीती वाटते. इथे टीम बंदही पडतात, आणि एका ईमेलने पडतात. पिट्सबर्गजवळच्या रॉबर्ट मॉरिसने मे २०२१ मध्ये मुलांची आणि मुलींची, दोन्ही हॉकी एका दिवसात बंद केली. लोकांनी पैसे गोळा केले तेव्हा कुठे २०२३ ला परत सुरू झाली. अलास्का अँकरेजच्या लोकांनी तीस लाख डॉलर उभे करून आपली टीम वाचवली. असं काही आमच्याकडे होईल असं मी म्हणत नाही. पण खुर्च्या मोजणारं कुणीतरी वरच्या काचेच्या खोलीत बसलेलं असतं, आणि रिकाम्या खुर्चीवर 'ही ड्रॉप पासमुळे रिकामी' अशी चिठ्ठी लावलेली नसते. त्यांना वाटणार, गावाला हॉकी नको झाली.

काल कॉलेजच्या खेळ विभागाच्या डायरेक्टरच्या ऑफिसला एक पत्र लिहिलं. ईमेल नाही, कागदावर. राजीनामा मागितला नाही. तीनच प्रश्न विचारले: पॉवर प्ले कोण शिकवतं, गेल्या वर्षी ते दोघे का गेले, आणि आपलेच विद्यार्थी आपल्याच गोलीची खिल्ली उडवतात तेव्हा कोचने एकदा तरी रेडिओवर त्या पोराची बाजू का घेतली नाही. तिसरा प्रश्न लेकीने घालायला लावला. खाली तिने सहीही केली, वळणदार, नावापुढे सीट नंबर लिहून.

मेल अजून उघडीच आहे. शुक्रवारपर्यंत मुदत आहे.

दरम्यान, या शनिवारची आमची दोन तिकिटं मोकळी आहेत, नवरा आणि लेक एका वाढदिवसाला चाललेत. मी जाणार आहे. गावातल्या मराठी मंडळींपैकी कुणाला यायचं असेल तर इनबॉक्स करा. जाड मोजे घाला, खाली पातळ उशी आणा, बाकडी गारढोण असतात. आणि आजोबांच्या थर्माससाठी पायाशी जागा सोडा.